पिवळ्या फडक्याची खूण

१

ओलेश्नोवच्या चौकात दुपारचे बारा वाजायच्या आधी कबुतरं उडत. घंटा मागाहून होई. ठोके पडण्याआधी मनोऱ्यातल्या घड्याळाची चाकं घरघरतात, ती घरघर माणसांना ऐकू येत नाही, कबुतरांना येते, असं ब्लाझेना तिकीट काढून वर आलेल्या प्रत्येकाला सांगायची. खरं-खोटं तिलाही ठाऊक नव्हतं. पण सांगायला बरं वाटायचं, आणि ऐकणाऱ्यांना त्याहून बरं.

मनोरा नगरभवनाचा. खाली भिंतींवर काळ्या-पांढऱ्या गिलाव्यात कोरलेली चित्रं, वर तांब्याचा हिरवा पडलेला कांद्याच्या आकाराचा घुमट, आणि घुमटाच्या खाली चारी बाजूंनी फिरता येईल असा अरुंद सज्जा. वसंतात मनोरा उघडायचा तो थेट थंडी पडेपर्यंत. मध्ये एक दिवस सुट्टी नसे. नवरा गेल्यावर ब्लाझेनाने ही तिकिटांची नोकरी धरली, तेव्हा या वयात एवढे जिने का, असं सगळ्यांनी विचारलं. जिन्यात गुडघे कुरकुरत हे खरं. पण सज्ज्यात पाऊल टाकलं की गुडघ्यांची आठवणही राहत नसे. सगळं गाव ताटात वाढल्यासारखं खाली मांडलेलं. मधोमध प्लेगची साथ सरल्यावर उभारलेला खांब आणि त्यावर सोन्याचं पाणी दिलेली मेरीमाता. तोंडातून धार सोडणारा कारंज्यातला दगडी मासा. चौकाभोवती कमानी, आणि कमानींवर गुलाबी, पिस्ता, लिंबू अशा रंगांची घरं, लग्नाच्या फोटोसाठी खेटून उभ्या राहिलेल्या मावश्यांसारखी. दूर पुलावर संत नेपोमुकचा पुतळा मान कलती करून उभा. हे सगळं आपण रोज पुसून ठेवतो, असं तिला उगीचच वाटायचं.

पिस्ता रंगाच्या घराच्या पहिल्या मजल्यावर ती आणि तिची थोरली बहीण व्लास्ता राहत. व्लास्ता गावची पोस्टमन. जन्मभर खांद्याला पिशवी लावून ओलेश्नोवचा उंबरठा न उंबरठा झिजवलेली बाई. आता तिच्या पायांनी संप पुकारला होता. भिंतीला धरून ती स्वयंपाकघरापर्यंत जायची, पण घरचा जिना उतरणं काही जमत नव्हतं. सबंध दिवस ती चौकाकडच्या खिडकीशी, आरामखुर्चीत.

म्हणून बाराच्या ठोक्याला ब्लाझेना कठड्याशी येऊन पिवळं फडकं हलवायची, आणि समोरच्या खिडकीतून व्लास्ता हात हलवायची. मी ठीक, तू ठीक. एवढंच. खाली कमानीत केकचं दुकान असलेला बोहुमीर म्हणायचा, की चौकात याच्याइतकं जुनं आणि याच्याइतकं उघड प्रेमप्रकरण दुसरं नाही.

२

जूनमधली गोष्ट. शाळेची सहल येऊन गेली होती, सज्ज्यात कुणी नव्हतं. बारा वाजले. ब्लाझेनाने फडकं हलवलं. खिडकीत व्लास्ताचा हात वर झाला, नेहमीसारखा, पत्र दाखवतेय असा. आणि त्या हाताच्या मागे, खोलीतल्या सावलीत, जरा उंचावर, आणखी एक हात हलला.

तो हात एक क्षण उशिरा हलला. पाहून पाहून शिकणाऱ्याचा हलतो तसा.

ब्लाझेनाने डोळे बारीक केले. तोवर खिडकीत एकटी व्लास्ता होती, आणि कारंज्यापाशी एक कुत्रं आपल्या मालकावर भुंकत होतं.

उतरताना तिने स्वतःशी हिशेब लावला. खिडकी जुन्या पद्धतीची, दुहेरी काचांची. दोन काचा म्हणजे दोन प्रतिबिंबं. एक हात इथे दिसला, दुसरा तिथे. साधी गोष्ट आहे. उशिरा का हलला, याचं उत्तर या हिशेबात बसत नव्हतं, पण तळमजल्यावर पोचेपर्यंत तिने ते बसवून टाकलं.

घरी व्लास्ता वाटाणे सोलत होती. आज कुणी येऊन गेलं का, असं ब्लाझेनाने सहज विचारल्यासारखं विचारलं. कुणी नाही, व्लास्ता म्हणाली. मग शेंग हातातच धरून तिने बहिणीकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि विचारलं, वर तुझ्याबरोबर होतं का कुणी? शाळेची पोरं होती, ब्लाझेना म्हणाली. व्लास्ताने मान डोलावली आणि वाटाणे पुढे सोलायला घेतले.

३

त्यानंतर तो हात रोज दिसला असता तर ब्लाझेना एकदाची घाबरून मोकळी झाली असती. तसं झालं नाही. काही दिवस खिडकी स्वच्छ असायची. मग एखाद्या दुपारी व्लास्ताच्या मागे अंधार जरा दाट दिसायचा, आणि त्या दाटपणाला खांदे असायचे.

जुलै सरत आला तेव्हा ती बाई आहे हे कळू लागलं. करडं जाकीट. केस मागे बांधलेले. ती व्लास्ताच्या खुर्चीमागे उभी असायची, जरा वाकून, आजाऱ्याच्या उशाशी नर्स उभी राहते तशी. व्लास्ता हात हलवायची, मग ती. आता तिला उशीर होत नसे.

ब्लाझेनाला खरी रुखरुख लावली ती शेगडीने. व्लास्ताच्या खुर्चीमागे हिरव्या फरश्यांची उंच शेगडी होती, आजोबांच्या काळची, जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत. थंडीत पाठ शेकावी म्हणून खुर्ची तिला टेकवूनच ठेवलेली. एकदा व्लास्ता न्हाणीघरात असताना ब्लाझेनाने खुर्ची आणि शेगडी यांच्यामध्ये हात घालून पाहिला. तळवा जेमतेम गेला. तिथे मांजर उभं राहिलं असतं तरी त्याला श्वास रोखून धरावा लागला असता.

फरश्या गार होत्या. उन्हाळा होता, शेगडी पेटवायचा प्रश्नच नव्हता. फक्त एका जागी, खुर्चीच्या पाठीच्या जरा वर, एक फरशी कोमट लागली. समोर खिडकी आहे, ऊन आलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. मग आठवलं, या खोलीत ऊन येतं ते सकाळी, आणि बाहेर तर ढग होते.

व्लास्ताला विचारावं तर धीर होत नव्हता, आणि त्याला कारण होतं. त्यांच्या मयत भावाची मुलगी राद्का जिल्ह्याच्या गावी राहायची. पोरगी मायेची, पण कामात चोख. तिथल्या वृद्धाश्रमात मोठ्या आत्याचं नाव घालून ठेवावं, असं ती वर्षभर म्हणत होती. पाय धड होते तेव्हा व्लास्ता एकदा तिथे जाऊन आली होती. खोली छान होती, नर्स हसऱ्या होत्या, आणि खिडकीतून दिसत होती ती गाड्या लावायची जागा. आता धाकटीला रिकाम्या जागी बायका दिसायला लागल्यात असं राद्काला कळलं असतं, तर पुढचं सांगायला ज्योतिषी नको होता. ब्लाझेनाने ताकास तूर लागू दिली नाही.

४

ऑगस्टच्या शेवटी तिने बोहुमीरला वर बोलावलं. कारण सांगितलं नाही. इतकी वर्षं चौकात राहून तू मनोऱ्यावरून चौक पाहिला नाहीस, लाज वाटायला हवी, एवढंच म्हणाली. बोहुमीरचं पोट त्याच्या दुकानाची जाहिरात होतं. प्रत्येक वळणावर थांबून तो, आपण इथेच मेलो तर आपल्याला खाली कोण नेणार आणि कसं, याची चर्चा करत वर पोचला.

सज्ज्यात आल्यावर मात्र लहान मुलासारखी बोटं दाखवत एकेक ओळखायला लागला. ते आपलं छप्पर, ती शाळा, तो दारूभट्टीचा दरवाजा. एवढं सुंदर आहे होय आपलं गाव, म्हणाला, आणि आपण आतून नुसते केक विकतोय.

बारा वाजले. कबुतरं उडाली. ब्लाझेनाने फडकं हलवलं. तिने मुद्दामच खिडकीकडे पाहिलं नाही. बोहुमीरच्या तोंडाकडे पाहिलं.

तो हसला, आणि त्यानेही हात हलवला. "काय खुशीत आहेत बघा दोघी," तो म्हणाला.

मग त्याचा हात हवेत राहिला. तो ब्लाझेनाकडे वळला. तिला त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं, ती इथे आहे याची खात्री करून घेतली, आणि परत खिडकीकडे पाहिलं. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला.

"डोळ्यांवर ऊन आलं," तो म्हणाला.

"हो," ब्लाझेना म्हणाली. "येतं इथे."

उतरताना त्याने एकही विनोद केला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दोघींसाठी खसखशीचा केक पाठवला, पैसे घेतले नाहीत, आणि घरी मात्र स्वतः आणून द्यायला आला नाही.

५

बोहुमीर वाईट माणूस नव्हता. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने जे सुचलं ते केलं: राद्काला फोन लावला. खिडकीबद्दल तो काही बोलला नसावा. ब्लाझेनाबाई थकल्यात, चेहरा उतरलाय, एवढंच म्हणाला असेल. पण पुढच्या रविवारी राद्का कॉफीला हजर झाली.

तिने दोघींपुढे सरळ मांडलं. एक तर छोट्या आत्याने मनोरा सोडून घरात बहिणीजवळ राहायचं, नाहीतर मोठ्या आत्याने जिल्ह्याच्या गावी यायचं. दोघी असं दिवसभर एकमेकींवाचून राहणार आणि काही झालं तर कळणार बारा वाजता, हे तिला पटत नव्हतं. ब्लाझेनाने वाद घातला नाही. उद्याच किल्ली नगरभवनात देऊन टाकते, म्हणाली. राद्काने तिला मिठी मारली, व्लास्ताचे पाय दाबून दिले, आणि संध्याकाळच्या बसने गेली.

ब्लाझेना आलुबुखाराचे उंडे वळायला बसली. व्लास्ता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला फळं पुसून देत होती. मग ब्लाझेनाने मान वर न करता सगळं सांगून टाकलं. हात, करडं जाकीट, शेगडी, बोहुमीर.

व्लास्ताने ऐकून घेतलं. तिने डोळे मोठे केले नाहीत, क्रूसाची खूण केली नाही. फळ पुसून पुढे ठेवलं.

"आणि तुझी?" ती म्हणाली.

"माझी कोण?"

"तुझ्या मागे उभी असते ती. या वसंतात मनोरा उघडला तेव्हापासून. तू फडकं हलवतेस तेव्हा ती तुझ्या कोटाचा पट्टा धरून उभी असते, मागून. घट्ट." व्लास्ताने हवेत मूठ वळून दाखवली. "आधी वाटलं, नगरभवनाने कुणी बाई ठेवली असेल हाताखाली. तुला विचारलंही, तर तू शाळेची पोरं म्हणालीस."

"मग बोलली का नाहीस, ताई?"

"तू म्हणाली असतीस, म्हातारी चळली. राद्काने नेलं असतं." ती थांबली. "आणि खरं सांगू? मला बरं वाटायचं गं. तो कठडा केवढासा, आणि तू वाकतेस किती. म्हटलं, असू दे. कुणीतरी धरलंय हिला."

ब्लाझेनाला रडू आलं. पीठ लागलेल्या हाताने तिने डोळे पुसले. तोंड कधी दिसलं का, तिने विचारलं. कुणासारखी आहे?

"एवढ्या लांबून काय दिसतंय," व्लास्ता म्हणाली. "तुला दिसलं?"

"नाही."

दोघी खोटं बोलल्या. इतकी वर्षं एका घरात काढलेल्या दोघींना एकमेकींचं खोटं कळायला दिवा लागत नाही. व्लास्ताने पुढचं फळ पुसायला घेतलं, आणि त्या विषयावर त्या संध्याकाळी आणखी काही बोलणं झालं नाही.

६

सोमवारी ब्लाझेना मनोऱ्यावर गेली नाही. सकाळी फक्त खालच्या दाराला 'बंद' अशी पाटी अडकवून आली. किल्ली ज्यांना द्यायची ते साहेब जेवणानंतर भेटणार होते, म्हणून ती तिच्या एप्रनच्या खिशातच होती. रोज वर न्यायचं पिवळं फडकं तिने धुऊन न्हाणीघरात वाळत घातलं होतं.

बारा वाजत आले तशी ती स्टूल घेऊन व्लास्ताच्या खुर्चीशेजारी बसली. तिची पाठही आता शेगडीकडे होती. मागे वळून बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि ठरवल्यापासून मानेचे केस ताठ झाले होते.

चौक नेहमीसारखाच होता. मेरीमातेवर ऊन. माशाच्या तोंडातून धार. बोहुमीर दुकानाबाहेर खुर्च्या मांडत होता. खालून असा, घरच्या खिडकीतून, भर हंगामातला या वेळचा चौक ब्लाझेनाने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि मनोरा तर नाहीच. केवढा उंच होता. त्याच्या टोकाला रोज उभं राहणारं माणूस इथून मुंगीएवढं दिसत असणार, आणि या बाईने रोज त्या मुंगीवर नजर लावून बसायचं.

"माझी वाट बघायचीस ना अशीच?" ती म्हणाली.

"मग दुसरं काय करायचे?"

कबुतरं उडाली. पहिला ठोका पडला.

सज्जा रिकामा होता. दुसरा, तिसरा ठोका गेला. आणि घुमटाखालच्या दारातून कुणीतरी बाहेर आलं, कठड्याशी आलं, फार वाकलं, आणि पिवळं काहीतरी हलवू लागलं.

ब्लाझेनाने खिशावर हात ठेवला. किल्ली होती.

व्लास्ताचा हात आपोआप वर निघाला होता. ब्लाझेनाने तो मनगटात पकडून खाली दाबला. "नको ताई," ती म्हणाली. "नको हलवूस."

व्लास्ताने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. वरचं पिवळं हलत राहिलं. शेवटचा ठोका पडून गेला तरी हलत राहिलं. मग मंदावलं. मग थांबलं. वरची बाई कठड्यावर दोन्ही हात टेकून खिडकीकडे बघत उभी राहिली. इतक्या लांबूनही तिची काळजी दिसत होती. पाठीच्या बाकातून दिसत होती, मान पुढे काढण्यातून दिसत होती. ब्लाझेनाला ती मान पाठ होती. आरशात पाहून नव्हे, आतून.

"मागे माझा डोळा लागला होता एकदा," व्लास्ता हळूच म्हणाली. "मी हात नाही हलवला. तेव्हा तू काय केलंस?"

तेव्हा ब्लाझेना तिकिटं, पाहुणे, सगळं टाकून धावत घरी आली होती.

सज्जा रिकामा झाला.

आता दोघी मनोऱ्याच्या खालच्या दाराकडे बघत राहिल्या. पाटी जागच्या जागी होती. दार उघडलं नाही. बाहेर कुणी आलं नाही. बोहुमीरने मात्र हातातली खुर्ची खाली ठेवली, आणि चौकातून कुणी लगबगीने जात असावं तशी त्याची मान हळूहळू वळत गेली, प्लेगच्या खांबापासून कारंज्यापर्यंत, कारंज्यापासून थेट त्यांच्या कमानीपर्यंत. मग तो आत गेला आणि त्याने दुकानाचं दार लावून घेतलं.

खाली, कमानीतल्या दगडांवर पावलं वाजली. मग घरच्या जिन्यावर. भराभर चार पायऱ्या, मग थकलेल्या, मग मधल्या वळणावर थांबून घेतलेला दम. कठडा धरून परत. ब्लाझेना हे सगळं ऐकत होती आणि पुढचं पाऊल कुठे पडेल ते तिला आधीच माहीत होतं. वरची पायरी हलते, तिथे ती स्वतः पाऊल कडेला टाकते. पाऊल कडेला पडलं. दाराबाहेर धापा टाकण्याचा आवाज येऊन थांबला.

कडी हलली नाही. बाहेरचं माणूस ऐकत होतं.

ब्लाझेनाने तोंड उघडलं, तेवढ्यात व्लास्ताने तिच्या हातावर हात ठेवला. दाराकडे पाहत ती बोलली, मोठ्याने, रोजच्या आवाजात. डोळे मात्र भरून आले होते.

"मी बरी आहे गं. जरा डोळा लागला होता. धावत कशाला आलीस? गुडघे दुखतील. जा तू, लोक खोळंबले असतील."

दारामागचा श्वास लांब झाला, सैल झाला. जीव भांड्यात पडल्यावर होतो तसा. मग पावलं वळली, आणि सावकाश, एकेक पायरी मोजून मापून, उतरत गेली. कमानीतल्या दगडांवर ती वाजली, आणि मग फक्त कारंजं वाजत राहिलं.

व्लास्ता अजून दाराकडेच बघत होती. शेजारी वळायचं तिने टाळलं.

"ब्लाझेन्का," ती म्हणाली. "तू इथेच आहेस ना?"

हो म्हणायला ब्लाझेनाने लगेच तोंड उघडलं. पण आवाज फुटेना. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि गुडघ्यांत, खूप जिने एका दमात चढल्या-उतरल्यावर उठते तशी, कळ उठली होती.

व्लास्ताने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने चाचपडत बहिणीचा हात ओढून मांडीवर घेतला आणि दोन्ही तळव्यांत धरून चोळायला लागली.

"केवढी गार पडलीस," ती म्हणाली. "वर वारा असेल."